धरण नवं आहे म्हणून भोई अडाणी ठरत नाही

मच्छीमारांच्या पारंपरिक ज्ञानाची मत्स्यशास्त्राशी सांगड घालावी असं कोणी म्हटलं की आपल्या जिल्ह्यात एक ठरलेलं उत्तर मिळतं. कोकणात हे ठीक आहे, तिथे पिढ्यान्‌पिढ्या दर्यावर जाणारी माणसं आहेत. नगरला कसली आली परंपरा? इथे समुद्र नाही, मोठं नैसर्गिक तळं नाही. आहेत ती धरणं. भंडारदरा १९२६ सालचं, मुळा १९७० च्या दशकातलं, जायकवाडी १९७६ चं. त्यांत कटला, रोहू, मृगळ सोडले ते सरकारने, आणि ते मासे मुळात गंगेच्या मैदानातले. पाणी अडवलेलं, मासा आणलेला. मग भोयाला, कोळ्याला, कहाराला त्यातलं असं काय कळतं जे मत्स्य विभागाच्या पुस्तकात नाही? सभा-परिषदांत हे सौम्य भाषेत बोललं जातं, चहाच्या टपरीवर उघड बोललं जातं. जिल्ह्याचं नाव अहिल्यानगर झालं, हा युक्तिवाद मात्र जुनाच राहिला.

तो बिनबुडाचा आहे असं मी म्हणणार नाही. कोकणातल्या कोळ्याचं ज्ञान आणि मुळा धरणावरच्या भोयाचं ज्ञान एकाच जातीचं नाही, हे खरंच आहे. पण या युक्तिवादात एक गृहीतक दडवलेलं आहे. ज्ञान जुनं असेल तरच ते ज्ञान, असं ते गृहीतक. हे मान्य केलं तर मत्स्यशास्त्राचीच पंचाईत होईल. कार्प माशांना पीयूषिका ग्रंथीच्या अर्काचं इंजेक्शन देऊन अंडी घालायला लावण्याचं तंत्र हिरालाल चौधरी आणि के. एच. अलिकुन्ही यांनी ओडिशातल्या अंगुल इथे १० जुलै १९५७ रोजी यशस्वी केलं. आज राज्यभर जे मत्स्यबीज तयार होतं ते याच तंत्राच्या जोरावर. म्हणजे भंडारदऱ्याचं पाणी या शास्त्रापेक्षा ३१ वर्षांनी थोरलं आहे. शेंडी-रतनवाडीच्या पोरांनी त्या पाण्यात गळ टाकला तेव्हा आपलं बीजशास्त्र जन्मायचं होतं. वयावरूनच मान द्यायचा असेल तर हिशेब उलटा निघतो.

पण वयाचा मुद्दा सोडा. धरण नवं असेल, नदी नवी नाही. जायकवाडीच्या फुगवट्याखाली गोदावरीचं जुनं पात्र तसंच पडून आहे, आणि त्याच्या काठची बुडालेली शिवारं, विहिरी, बांध, बाभळी, पायवाटासुद्धा. नेवासा-शेवगावच्या बाजूने पाण्यात उतरणाऱ्या भोयाला जाळं कुठे अडकतं हे ठाऊक असतं, कारण तिथे विहिरीचा कठडा आहे किंवा बाभळीचा बुंधा आहे. जिथे जाळं अडकतं तिथे मासा आसऱ्याला असतो. उन्हाळ्यात पाणी ओसरलं की तो त्याच तळावरून चालत जातो. त्याला तळ दोनदा दिसतो, एकदा पायांनी आणि एकदा जाळ्याने. प्रतिध्वनियंत्र लावून शास्त्रज्ञ हाच नकाशा काढू शकतो, आणि जास्त अचूक काढेल. तो काढलेला नसतो, हीच अडचण आहे. भोयाच्या डोक्यात मात्र तो तयार असतो आणि दर उन्हाळ्यात दुरुस्त होत असतो.

आता जिथे गोष्ट खरोखर जीवावर येते तिथे येऊ. जायकवाडीची साठवणक्षमता सुमारे १०२ टीएमसी, पण २०१३ आणि २०१६ च्या उन्हाळ्यांत हे धरण मृतसाठ्यावर गेलं. अशा साली धरणाचं धरणपण संपतं. उरतात ते जुन्या पात्रातले डोह. त्या वर्षीचं सगळं मासळीचं बियाणं, म्हणजे पुढच्या पावसाळ्यात अंडी घालू शकणारे मोठे मासे, त्या चार-दोन डोहांत कोंडलेलं असतं. हे डोह कोणते, त्यात पाणी किती खोल उरतं, कुठे गाळाने भरत आलंय, कुठे शिंगाळा आणि कुठे मरळ, याची यादी कोणत्या सरकारी कागदावर आहे? आणि तीच यादी पाण्यात उतरणाऱ्या कुठल्याही जुन्या माणसाला तोंडपाठ असते. दुष्काळी साली ते डोह राखले तर पुढची काही वर्षं मासा आपोआप वाढतो. नाही राखले, तर दर वर्षी ट्रक भरून बोटुकली, म्हणजे बोटाएवढी पिल्लं, आणून टाकायची वेळ येते. शास्त्राला हे तत्त्व ठाऊक आहे. आटत्या पाण्यातली आश्रयस्थानं जपावीत हे कुठल्याही पाठ्यपुस्तकात सापडेल. जागा मात्र पाठ्यपुस्तकात सापडत नाही.

पावसाचंही तेच. पावसाळ्यात मासा अंडी घालतो म्हणून तेव्हा मासेमारी बंद ठेवायची, हा नियम योग्यच आहे. पण बंदी चालते कॅलेंडरवर आणि मासा चालतो लोंढ्यावर. मुळेचा उगम हरिश्चंद्रगडाच्या रांगेत, प्रवरेचा रतनगडावर. घाटघरला आभाळ फाटतं तेव्हा नेवाशात धूळ उडत असते. राहुरीत पावसाचा टिपूस नसताना मुळेला गढूळ पाणी येतं आणि मासा त्या पाण्याच्या वासाने फुगवट्याच्या टोकाकडे सरकतो. कटला, रोहू, मृगळ साचल्या पाण्यात अंडी घालत नाहीत, त्यांना वाहतं, चढतं, गढूळ पाणी लागतं, हे शास्त्र सांगतं. ते पाणी यंदा कोणत्या दिवशी आलं, हे सांगायला अकोल्याचे महादेव कोळी आणि ठाकर आहेत, ज्यांच्या भातखाचरात चढणीचा मासा शिरतो, आणि खालच्या अंगाला भोई आहेत, ज्यांना पाण्याचा रंग बदलल्याबरोबर जाळ्यातला फरक दिसतो. पाऊस जूनच्या दुसऱ्या आठवड्यात आला काय आणि जुलैच्या शेवटी आला काय, बंदीच्या तारखा जागच्या हलत नाहीत. एखाद्या साली बंदी उठते त्याच सुमाराला मासा अंड्यावर असतो. ही चूक शास्त्राची नाही, अंमलबजावणीतल्या आळसाची आहे. पण तिला शास्त्रीय म्हणून मिरवलं जातं, म्हणून बोलायला हवं.

दुसरा आक्षेप मोजमापाचा. मच्छीमार सांगतो ते ठोकताळे; आकडा कुठे आहे? हा आक्षेप घेणाऱ्यांनी एकदा आठवडी बाजारात मासळीच्या ओळीत अर्धा तास उभं राहावं. पाटीमागे विळी घेऊन बसलेली बाई रोहू उचलते, उलट्या हाताने खवले काढते, कल्ल्यापासून खाली पोट फाडते आणि दोन बोटं आत घालून आतडं बाहेर ओढते. त्या एका हालचालीत तिला दिसतं की मादी आहे की नर, गाभोळी धरलीय का, दाणा बारीक आहे की भरला आहे, की पोट रिकामं होऊन ढिलं पडलंय. गिऱ्हाईक गाभोळीचं वेगळं मागतं म्हणून तिचं त्याकडे लक्ष असतंच. दिवसाला असे कित्येक मासे, आठवड्याचे बाजार, वर्षाचे बारा महिने. मत्स्यशास्त्रात याच कामाला जननग्रंथी निर्देशांक म्हणतात. माशाच्या वजनाच्या तुलनेत अंडाशयाचं वजन किती टक्के आहे ते महिन्या-महिन्याने काढायचं, आणि आलेख जिथे चढून एकदम पडतो तो अंडी घालण्याचा काळ. एम.एस्सी.चा विद्यार्थी यासाठी महिन्याला थोडे मासे तपासतो. आणि ते आणतो कुठून? याच पाटीतून. प्रबंधात मग एक वाक्य येतं, स्थानिक मच्छीमारांच्या मदतीने नमुने गोळा केले. मदत एवढीच. ज्या बाईने त्याच्या शंभरपट मासे फाडले तिला कोणत्या महिन्यात काय दिसलं, हे विचारायचं कोणाला सुचत नाही. तिच्याजवळ वजनकाटा आहे, तीक्ष्ण विळी आहे आणि नजर आहे. नाही ती फक्त वही. वही देणं हे मोजमाप मागणाऱ्यांचं काम आहे. ते न करता आकडा कुठे म्हणून विचारणं हे काही वैज्ञानिकपणाचं लक्षण नव्हे.

तसं पाहिलं तर दख्खनच्या माशांचं शास्त्र सुरूच मुळी अशा माणसांना विचारून झालं. १८२० च्या दशकात मुंबई सरकारचा सांख्यिकी अधिकारी असलेल्या विल्यम सायक्स या लष्करी अधिकाऱ्याने मुळा-मुठा, भीमा या नद्यांतले मासे गोळा केले (पुण्याची मुळा वेगळी आणि आपली वेगळी, हे आपल्याला सांगायला नको). १८३९ साली त्याने त्यांची शास्त्रीय वर्णनं मांडली. त्यातल्या अनेक जातींना त्याने दिलेली नावं काठावरच्या लोकांची आहेत: टॉर खुडरी, गारा मुल्या, मिस्टस सींगटी, लेबिओ बोगट. आपली खडशी, मळ्या, शिंगटी, बोगट. ही नावं आज जगभरच्या संग्रहालयांत चालतात. कोणता मासा कोणत्यापासून वेगळा, हे आधी भोयाने ओळखलं होतं, मग लंडनमध्ये छापलं गेलं.

तिसरा आक्षेप जास्त झोंबणारा आहे. एवढं ज्ञान आहे तर मच्छीमारच बारीक आसाचं जाळं का लावतात? उजनी धरणात वडाप जाळं ओढून बोटाएवढी पिल्लं कोण उपसतं? कर्जत तालुक्याच्या काठावर, सिद्धटेक-खेडच्या बाजूला हा प्रश्न नवा नाही. उपसतात, खरं आहे, आणि त्याचं समर्थन मी करणार नाही. पण सिगारेट ओढणाऱ्या डॉक्टरचं निदान त्यामुळे खोटं ठरत नाही. वडाप लावणाऱ्यालाही पिल्लू म्हणजे काय हे चांगलं कळतं. तरी तो लावतो, कारण व्यापाऱ्याची उचल अंगावर असते, कारण त्याने सोडलं तर शेजारचा धरणार, कारण पाणी कोणाचं हे ठेक्याच्या कागदावर एक आणि पाण्यावर दुसरं असतं. हा प्रश्न हक्काचा, कर्जाचा आणि पहाऱ्याचा आहे. तो ज्ञानाच्या खात्यात मांडला की दोन्ही खाती बिघडतात. आणि शास्त्राच्या खात्यात तरी काय दिसतं? चिलापी हा आफ्रिकेतला मासा १९५२ साली देशात आणला गेला तो शास्त्रीय शिफारशीनेच. १९५९ मध्ये त्याच्या प्रसारावर बंदी घालायची शिफारस झाली तीही शास्त्रज्ञांकडूनच. दरम्यान मासा सुटला तो सुटलाच. आज उजनीच्या काठी मासळी बाजार भरतो तेव्हा पाट्यांमधून कोण डोकावतं ते जाऊन बघा. यावरून मत्स्यशास्त्र थोतांड ठरत नाही. मग वडापवरून भोयाचं निरीक्षण थोतांड कसं ठरतं?

खडशीचीच गोष्ट घ्या, ती तर दोन्ही बाजूंना शिकवणारी आहे. लोणावळ्याजवळ वळवणच्या केंद्रात १९७० च्या दशकापासून महसीरचं, म्हणजे खडशीचं, बीज तयार केलं गेलं. हेतू उत्तम, काम चिकाटीचं. आपली दख्खनी खडशी त्यामुळे तगली. पण ते बीज कावेरीतही गेलं. तिथे कुबड असलेला, आकाराने अवाढव्य असा वेगळाच महसीर होता. नव्या खडशीने तिथे जम बसवला आणि कुबडवाला दिसेनासा होत गेला. हे ध्यानात कसं आलं? २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात वापरलेली सामग्री होती गळ टाकून मासा पकडून परत सोडणाऱ्यांच्या कॅम्पमधल्या १९९८ ते २०१२ च्या नोंदी. कोणता मासा, केवढा, किती वेळात. मासे पकडणाऱ्यांच्या या वह्या शास्त्रज्ञांनी गंभीरपणे वाचल्या म्हणून एक जात नष्ट होत चालल्याचं सिद्ध झालं. २०१८ साली तिला शास्त्रीय नाव मिळालं आणि त्यानंतर लगेच अतिसंकटग्रस्त यादीत जागा मिळाली.

आक्षेप घेणारे आणखी एक हत्यार काढतात, आणि हे जरा वाचलेले लोक काढतात. सरकती आधाररेषा. म्हणजे प्रत्येक पिढी आपल्या तरुणपणी जे पाहिलं तेच मूळ समजते, म्हणून आजच्या मच्छीमाराला चिलापी हाच इथला मासा वाटतो. त्याच्या आठवणीवर काय भरवसा ठेवायचा? ही कल्पना डॅनियल पॉली यांनी १९९५ साली मांडली. पण ती मांडली कोणाबद्दल? मत्स्यशास्त्रज्ञांबद्दल. प्रत्येक नवा शास्त्रज्ञ आपल्या कारकिर्दीच्या सुरुवातीचा साठा प्रमाण धरतो आणि त्यामुळे घसरण दिसत नाही, अशी त्यांची तक्रार होती; आणि उपाय म्हणून त्यांनी जुन्या लोकांच्या सांगण्याकडे, ज्याला आपण ऐकीव म्हणून बाजूला सारतो त्याकडे वळायला सांगितलं. अर्धं वाचून उगारलेलं हत्यार असं उलटतं.

कॅनडातल्या न्यूफाउंडलंडमध्ये मच्छीमारांचं न ऐकणं महागात पडलं. तिथे किनाऱ्याजवळ मासेमारी करणारे लोक १९८० च्या दशकात सांगत होते की कॉड कमी होतोय, लहान होतोय. सरकारी अंदाज मोठ्या ट्रॉलरच्या पकडीवर बराचसा बेतलेला होता, आणि उरलेला मासा एकत्र गोळा होत असल्याने ट्रॉलरना तो सापडत राहिला. आकडे छान दिसत राहिले. २ जुलै १९९२ रोजी कॉडची मासेमारी थांबवावी लागली. सुमारे ३० हजार लोकांचा रोजगार गेला. शास्त्र चुकीचं नव्हतं, ते चुकीच्या खिडकीतून पाहत होतं, आणि दुसऱ्या खिडकीतली माणसं ओरडत होती ती ऐकली नाहीत. याच्या उलट पॅसिफिकमधल्या पलाऊ बेटांवर रॉबर्ट जोहान्स या शास्त्रज्ञाने मच्छीमारांना विचारायची तसदी घेतली. चंद्राच्या कोणत्या कलेला कोणता मासा कुठे अंडी घालायला जमतो, याची इतकी माहिती त्यांच्याकडून मिळाली की तोवर शास्त्राला माहीत असलेल्या जातींच्या दुपटीहून अधिक जाती त्यात निघाल्या. १९८१ साली त्यावर त्याचं पुस्तक आलं. त्याने त्यांचं म्हणणं पारखून घेतलं, नुसतं लिहून घेतलं नाही. हा फरक महत्त्वाचा आहे.

कारण माझं भांडण दुसऱ्या टोकाशीही आहे. पूर्वजांना सगळं ठाऊक होतं, निसर्गाशी एकरूप होते वगैरे बोलणाऱ्यांशी. चढणीचा मासा धरणं ही परंपराच आहे, आणि चढणीचा मासा म्हणजे बहुतेकदा अंड्याने भरलेली मादी. लोकसंख्या थोडी होती, बांबूच्या कामट्यांचे सापळे थोडे होते, तेव्हा ते खपलं. आता नदीवर दर काही मैलांवर बंधारा आहे. मादी वर चढते कुठे आणि चुकून चढली तर परत येते कशी? गेळाच्या फळांची भुकटी डोहात टाकून मासा गुंगवायची रीतही जुनीच. जुनी म्हणून ती सोवळी होत नाही. मच्छीमाराला जे जाळ्यात येतं ते दिसतं, जे येत नाही ते दिसत नाही. खवल्यावरची वलयं मोजून माशाचं वय काढणं त्याला जमणार नाही. ढगाळ दिवसांत पहाटे मासा तोंड वर काढून हवा घेतो हे तो अचूक सांगेल. पण रात्रभर शेवाळ-वनस्पतींनी पाण्यातला प्राणवायू वापरून टाकला म्हणून पहाट सगळ्यात वाईट, हे शास्त्र सांगतं, आणि म्हणून उपाय कधी करायचा तेही. साखरपट्ट्यात मळीचं पाणी नदीत उतरलं की मासा पोट वर करून तरंगतो. पहिल्यांदा पाहतो तो भोई, पण कारखान्यापर्यंत माग काढायचा तर पाण्याचा नमुना वेळेत प्रयोगशाळेत जावा लागतो. दोघांना एकमेकांची गरज आहे ती अशी, हातघाईची.

काही जण म्हणतील, सांगड तर घातली आहेच की. जैवविविधता कायदा २००२ चा, गावोगाव समित्या झाल्या, लोकजैवविविधता नोंदवह्या झाल्या. झाल्या, पण बऱ्याच नोंदवह्या राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने दिलेल्या जानेवारी २०२० अखेरच्या मुदतीच्या धाकाने, घाईघाईत. त्यात माशांची नावं असतील, त्या नावांवर पुढे कोणता निर्णय झाला? नोंदवही कपाटात आणि ठेक्याची फाईल टेबलावर, असा कारभार आहे. जायकवाडीवर तरंगता सौर प्रकल्प आणायचं ठरलं तेव्हा कहार समाजाची पंच समिती हरित न्यायाधिकरणात गेली. सप्टेंबर २०२४ मध्ये न्यायाधिकरणाने अर्ज निकाली काढला, मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हात घातला नाही. निकालाबद्दल मला वाद घालायचा नाही, वीजही हवीच. पण साडेतीनशे चौरस किलोमीटरच्या आसपास पसरणाऱ्या पाण्यावर सौरपट्ट्या टाकायच्या तर कोणत्या कोपऱ्यात टाकल्या म्हणजे माशाची वाट अडणार नाही, हे सांगू शकणारी माणसं न्यायालयात फिर्यादी म्हणून उभी राहिली. नियोजनाच्या बैठकीत ती जाणकार म्हणून बसायला हवी होती. त्यांना आपण भरपाई मागणारे समजतो. जाणकार समजायची सवयच नाही.

विदर्भात ती सवय थोडी लागली आहे. भंडारा-गोंदियाच्या जुन्या मालगुजारी तलावांवर ढिवर समाज, भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळ आणि अभ्यासक यांनी मिळून काम केलं. कोणत्या पाणवनस्पतीत कोणता मासा अंडी घालतो हे ढिवरांनी सांगितलं, बेशरमाची झुडपं उपटली, स्थानिक वनस्पती हाताने लावल्या, आणि नाहीसे झालेले देशी मासे परत दिसू लागले. हे तलाव शेकडो वर्षांचे आहेत, तुमची धरणं नवी, असं कोणी म्हणेल. म्हणो. मरळ जिथे काठच्या पाणगवतात घरटं करते आणि लाल पिल्लांच्या थव्याखाली पहारा देत फिरते, तिला तो काठ मालगुजारी आहे की पाटबंधारे खात्याचा याच्याशी देणंघेणं नसतं. कालव्याचं आवर्तन सुटून चार दिवसांत तो काठ कोरडा पडला तर मात्र असतं.

आणि नगर जिल्ह्याने ही सांगड परकी म्हणावी, हे तर कमालीचंच. फारसं शाळेत न गेलेले विठ्ठलराव विखे पाटील आणि केंब्रिजमध्ये शिकलेले धनंजयराव गाडगीळ एकत्र बसले म्हणून १९५० साली प्रवरेकाठी सहकारी साखर कारखाना उभा राहिला. कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी जपलेली गावरान बियाणी बाएफच्या शास्त्रज्ञांनी तपासली, नोंदवली, वाढवली. २०२० ची पद्मश्री त्यांना मिळाली. त्याच वर्षी ती हिवरे बाजारच्या पोपटराव पवारांनाही मिळाली, ज्यांच्या गावात लोक स्वतः पाऊस मोजतात, विहिरींची पातळी बघतात आणि त्या हिशेबाने कोणतं पीक घ्यायचं ते ठरवतात. ऊस, बियाणं, भूजल या तिन्हींत आपण देशाला दाखवून दिलं. मासा आला की मात्र आपल्याला अचानक पदवीचा कागद आठवतो. यामागे कारण शोधायला फार खोल जायला नको. ऊसवाला मतदार आहे, बागायतदार आहे. भोई गावाच्या कडेला राहतो, त्याच्या नावावर पाणी नसतं, असतो तो पाच वर्षांचा ठेका, तोही मच्छीमार संस्थेच्या नावावर, आणि बऱ्याचदा संस्थेमागे व्यापाऱ्याचा पैसा.

मत्स्यबीज सोडण्याचं उदाहरण सांगून थांबतो, कारण पैसा तिथे जातो. मोठ्या जलाशयात निदान १०० मिलिमीटरची बोटुकली सोडावी, पिशवीतल्या आणि धरणातल्या पाण्याचं तापमान जुळू द्यावं, ऊन टाळावं, ही शास्त्राचीच शिकवण. प्रत्यक्षात टेम्पो पोचतो तिथे, म्हणजे भिंतीजवळ, भर दुपारी पिशव्या फोडून फोटो काढले जातात. तिथलं खोल पाणी शिंगाळ्याचं. बगळे, पाणकावळे काठावर हजर. काठावरचा एखादा म्हातारा म्हणतो, साहेब, इथे नका सोडू, पलीकडच्या खाडीत चला. त्याला बाजूला व्हायला सांगतात. व्ही. व्ही. सुगुणन यांनी १९९५ साली देशातल्या जलाशयांचा जो मोठा आढावा घेतला, त्यात मोठ्या जलाशयांचं सरासरी उत्पादन हेक्टरी अवघं ११ किलोच्या आसपास निघालं होतं. बीज टाकलं की मासा वाढतो, इतकं सरळ गणित नाही, हे मत्स्यशास्त्राच्याच क्षेत्रातल्या माणसाने लिहून ठेवलंय.

म्हणून मत्स्य विभागाला आणि राज्यातल्या मत्स्य महाविद्यालयांना, म्हणजे रत्नागिरी, नागपूर, उदगीर इथल्या अध्यापकांना, एक जाहीर सूचना आहे. मुळा धरणापासून सुरुवात करा. पुढच्या ठेक्याच्या करारात बीज सोडण्याची जागा आणि वेळ संस्थेच्या जाणत्या सभासदांनी ठरवावी अशी अट घाला. अर्धं बीज त्यांच्या सांगण्याप्रमाणे सोडा, अर्धं तुमच्या पद्धतीने, दोन्हींच्या परांना वेगवेगळी खूण करा आणि दोन वर्षांनी जाळ्यात काय येतं ते मोजा. बाजारातल्या चार बायकांना वही आणि मानधन द्या, गाभोळीची नोंद ठेवायला सांगा. बंदीची तारीख कोतूळच्या पुलाखालून गढूळ पाणी गेल्याच्या दिवसावरून ठरवून पाहा. उन्हाळ्यात उरणाऱ्या डोहांचा नकाशा मच्छीमारांसोबत होडीत बसून काढा. मच्छीमार चुकीचे निघाले तर तसं छापा, मी पहिला मान्य करीन. तपासायच्या आधीच त्यांना अडाणी ठरवायचं, हे मात्र यापुढे चालवून घेऊ नका.